झुंबर आणि टेंभा

'अँटिक' हा शब्द मराठी मध्यमवर्गाने गेल्या काही दशकांत ज्या उत्साहाने आपलासा केला आहे, तो पाहता त्याची एकदा नीट झडती घ्यायला हवी. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात साखळीने टांगलेला, पण तेलाचा थेंबही न पाहणारा लामणदिवा. उपाहारगृहाच्या दाराशी उभी केलेली आणि विजेच्या वाती मिरवणारी पुरुषभर उंचीची समई. फार्महाऊसच्या छताला लटकणाऱ्या, कुठल्या वाड्यातून आल्या हे कोणालाच ठाऊक नसलेल्या काचेच्या हंड्या. या साऱ्याला आपण 'वारशाचे जतन' म्हणतो. प्रस्तुत लेखात मला असे म्हणायचे आहे की या जतनातून वस्तू वाचते आणि तिची हकीकत बुडते. शिवाय ज्या दिव्यांना शोभा नव्हती ते तर वस्तूंसकट बुडतात. याची सर्वांत मोठी झळ गोंदियासारख्या जिल्ह्याला लागली आहे, कारण इथल्या उजेडाचा इतिहास पितळेपेक्षा पत्र्यात आणि चिंध्यांत अधिक आहे.

हा प्रश्न स्पष्ट दिसावा म्हणून आधी एक दूरचे, अगदी टोकाचे उदाहरण घेतो. जगभरच्या जुन्या दिव्यांच्या बाजारात अठराव्या शतकाच्या अखेरीच्या रशियन झुंबरांना मोठा मान आहे. दुसरी कॅथरीन आणि तिचा मुलगा पॉल यांच्या काळात पीटर्सबर्गमध्ये ग्रीक-रोमन नमुन्यांवर बेतलेली नवअभिजात शैली रुजली. सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझची कडी, मध्यभागी माणकासारख्या लाल किंवा गर्द निळ्या काचेचा दांडा आणि भोवती पावसाच्या सरींसारखे ओघळणारे पैलूदार लोलक, ही या झुंबरांची ओळख. काच बहुधा शाही कारखान्यातली. हा कारखाना मुळात पोतेमकिनचा. त्याच्या मृत्यूनंतर १७९२ साली तो राजसत्तेकडे आला. पुढे क्रांती झाली, आणि परकीय चलनाच्या गरजेपोटी सोव्हिएत सरकारने महालांतले सामान विकायला काढले. १९२८ साली बर्लिनच्या लेप्के लिलावगृहात लेनिनग्राडच्या संग्रहालयांतल्या आणि महालांतल्या वस्तूंचा लिलाव झाला. १९३०-३१ मध्ये हर्मिटाजमधली २१ चित्रे अमेरिकेच्या अँड्र्यू मेलन यांनी विकत घेतली. अशा वाटांनी रशियन राजवैभव पश्चिमेच्या घरांत पोचले आणि त्याचे संग्राहक तयार झाले.

हे संग्राहक अडाणी नसतात, हे मान्य करायला हवे. ब्राँझ मूळचे की नंतर ओतलेले, लोलक किती बदलले, मेणबत्तीच्या जागी वीज आणताना दांड्याला भोक पाडले आहे काय, मुलामा पाऱ्याचा की विजेच्या विलेपनाचा, असे बारीक प्रश्न ते विचारतात. परंतु पाऱ्याचा मुलामा ओळखणारा माणूस तो मुलामा कसा दिला जाई, याकडे सहसा वळत नाही. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लेप ब्राँझवर द्यायचा आणि मग भट्टीवर तापवून पारा उडवून लावायचा, अशी ती रीत. उडालेला पारा जायचा कुठे? कारागिराच्या छातीत. पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चर्चच्या घुमटावर याच पद्धतीने सोने चढवताना साठ कारागीर मेले, असे सांगतात. झुंबराची जी झळाळी लिलावाच्या सूचिपत्रात वाखाणली जाते, तिचा हाही एक भाग आहे. सूचिपत्रात त्याला रकाना नाही.

आणि ज्या काळात पॉलच्या महालात शेकडो मेणबत्त्या जळत होत्या, त्याच काळात रशियाचा भूदास रात्र कशी काढीत होता? बर्चच्या लाकडाची लांब, पातळ ढलपी पेटवून. तिला लुचिना म्हणत. लोखंडाच्या चिमट्यासारख्या खोबणीत ती तिरकी अडकवायची, खाली पाण्याचे भांडे ठेवायचे म्हणजे निखारा पडून घर पेटणार नाही, आणि एक संपत आली की दुसरी लावायची. त्या धुरकट उजेडात बायका सूत कातीत. त्या लोखंडी खोबणीला स्व्येत्येत्स असे नाव आहे. हा दिवा कोणी दिवाणखान्यात टांगत नाही, तरीही तो नाहीसा झालेला नाही. रशियाच्या लोकजीवन-संग्रहालयांत आणि लहान गावांतल्या स्थानिक संग्रहालयांत स्व्येत्येत्स पाहायला मिळतो, तो कशाकरता वापरीत हेही तिथे लिहिलेले असते. झुंबर संग्राहकांनी टिकवले. स्व्येत्येत्स टिकला तो शाळामास्तर, स्थानिक अभ्यासक आणि नोंदी ठेवणाऱ्या माणसांमुळे. हा फरक ध्यानात ठेवून आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडेही झुंबराला तोटा नाही. मराठी माणसाला झुंबर म्हटले की ग्वाल्हेर आठवते. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधून घेतलेल्या जयविलास महालाच्या दरबार सभागृहात दोन प्रचंड झुंबरे आहेत, प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. त्यांचे वजन छताला पेलेल की नाही हे पाहण्यासाठी मायकेल फिलोझ या वास्तुरचनाकाराने आधी छतावर हत्ती चढवले, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि प्रत्येक पर्यटक घरी येऊन सांगतो. निमित्त होते वेल्सच्या राजपुत्राच्या भेटीचे. सत्ता गेलेल्या दरबाराने सत्ता असलेल्या पाहुण्यासाठी पाजळलेले हे दिवे. त्यांच्याविषयी आपल्याला हत्तींची संख्यासुद्धा सांगता येते. पण त्यांच्यातल्या मेणबत्त्या कोण लावीत असे, शिडी किती उंच लागे, लोलक पुसणाऱ्याला पगार काय मिळे, हे त्याच वाटाड्याला विचारून पाहा.

ही उदासीनता थेट भाषेत उतरली आहे. चिंध्या गुंडाळून तेलात बुडवलेला टेंभा आपल्याकडे शतकानुशतके रात्रीचा खरा सोबती होता. लग्नाची वरात, पालखी, गोंधळ, तमाशा, दंडार, फौजेची रात्रीची वाटचाल, सारे त्याच्याच उजेडात. तो धरणारा मशालजी, दिवट्या, ही कामे करणारी माणसे होती. मराठीने त्यांचे काय केले? 'टेंभा मिरवणे' म्हणजे पोकळ ऐट करणे, आणि 'दिवटा' म्हणजे कुळाला बट्टा लावणारा पोरगा. ज्याने दुसऱ्याच्या मिरवणुकीसाठी रात्रभर हात वर धरला, ज्याच्या मनगटावर तेलाचे थेंब ओघळले, त्याच्याच नावावर आपण बढाई चढवली. मिरवला तो वरातीतला नवरदेव. शब्दाची बदनामी मात्र टेंभेवाल्याच्या वाट्याला आली. खंडोबाच्या भक्तांनी दिवटी-बुधली आणि देवीच्या भक्तांनी पोत पूजेत ठेवला, म्हणून एवढे तरी उरले.

आता गोंदियाकडे पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. धानाचा, तळ्यांचा, जंगलाचा, विड्यांचा. मूळ भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, तेव्हा घरोघरी समया, निरांजने आणि लामणदिवे असणारच. त्यांतले किती तरी मोडीत गेले. जुने पितळ वजनावर विकायचे आणि वर थोडे पैसे घालून स्टीलचे भांडे आणायचे, हा व्यवहार महाराष्ट्रात सर्वत्र झाला. हे नुकसान आहेच, आणि त्यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. पण या भागातली रात्र केवळ समईवर निभत नव्हती. इथला उजेड निराळा होता आणि त्यासाठी हळहळणारे कोणी नाही.

तो उजेड होता चिमणीचा: पत्र्याच्या डबीला वात, वर काच नाही, रॉकेलचा धूर सरळ नाकात. छत्तीसगडच्या बाजूला तिलाच ढिबरी म्हणतात. तिच्या उजेडात बायका तेंदूच्या पानांत तंबाखू भरून विड्या वळीत आणि मुले पाढे पाठ करीत. तो उजेड होता कंदिलाचा, जो खळ्यावर धानाच्या राशीजवळ आणि शेतातल्या जागलीवर टांगलेला असे. आणि सर्वांत देखणा, सर्वांत आवाज करणारा उजेड होता गॅसबत्तीचा.

गॅसबत्तीचे नाव घेतले की झाडीपट्टीच्या रंगभूमीचे नाव घ्यावेच लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान कापणीला आला की मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक असते. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या परंपरेला सरकारी मान्यताही मिळाली आहे. २०२३ साली परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या कलावंताला पद्मश्री देण्यात आली. पुण्या-मुंबईची रंगभूमी प्रेक्षकांच्या चिंतेत असताना इथे गावोगावी मंडप भरतात, हे आता सर्वांना माहीत झाले आहे. पण वीज येण्यापूर्वी हे नाटक दिसत कसे होते? आधी मशाली आणि टेंभे, मग गॅसबत्त्या.

नाव गॅसबत्ती असले तरी तिच्यात जळते रॉकेलच. टाकीत पंपाने हवा भरायची, नळी आधी स्पिरिटने तापवायची, दाबाखाली वर चढणाऱ्या रॉकेलची वाफ होते आणि ती मँटलच्या जाळीत जळून पांढरा शुभ्र प्रकाश देते. हे मँटल ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने शोधले. पुढे १८९० च्या दशकात त्यात थोरियम आले. बर्लिनच्या कारखान्याने रॉकेलवर चालणारा दिवा 'पेट्रोमॅक्स' या नावाने जगभर नेला. म्हणजे युरोपातल्या रसायनशास्त्राचा एक शोध अर्जुनी मोरगावच्या मंडईत पोचला आणि तिथे त्याने नाटकाचे रूप ठरवले. दाब कमी झाला की बत्ती मंदावते. पुन्हा पंप मारावा लागतो. ती सतत 'सूं' असा आवाज करते, म्हणून नटाला त्यावर आवाज चढवावा लागतो. प्रकाश एका बिंदूतून येतो आणि थोड्याच अंतरावर विरतो, म्हणून मागच्या रांगेतल्या शेतकऱ्याला भाव दिसावा तर चेहरा गडद रंगवावा लागतो, हातवारे मोठे करावे लागतात. शहरी समीक्षक ज्याला 'भडक अभिनय' म्हणून नाक मुरडतात, त्याचा एक भाग या दिव्याने घडवलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बरोबर की चूक हे तपासायचे तर बत्त्या किती असत, कुठे टांगीत, भाड्याने कुठून आणीत, पंप मारणारा पोरगा प्रवेश चालू असताना रंगमंचावर येई काय, हे ठाऊक हवे. हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

इथे संग्राहकांच्या बाजूने जे बोलले जाते ते ऐकून घेतले पाहिजे. पहिला युक्तिवाद असा: संग्राहक नसते तर आहे तेही भट्टीत गेले असते. खरे आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण कोण विसरेल? १९२० च्या सुमारास सुरुवात करून 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्य वेचून वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि ते शासनाच्या स्वाधीन केले. दिव्यांवर तर त्यांचे विशेष प्रेम. भारतातील दिव्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली काढले. परंतु आजच्या हौशी संग्राहकांनी केळकरांच्या आडोशाला उभे राहू नये. केळकरांनी अडकित्ते जमवले, वज्र्या जमवल्या, स्वयंपाकघरातली अवजारे जमवली. रोजच्या वापरातली वस्तू त्यांना संग्राह्य वाटली, आणि जमवलेले त्यांनी सर्वांसाठी खुले केले. आजचा हौशी माणूस वस्तू घेतो ती भिंतीच्या रंगाला शोभेल अशी, आणि कुणाच्या देवघरातून आली हे विक्रेत्याला विचारीतही नाही. किंबहुना न विचारण्यातच दोघांची सोय असते.

दुसरा युक्तिवाद: वस्तू सुंदर असेल तरच टिकते, पत्र्याची चिमणी कोण जपणार, का जपावी? हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, आणि तोच मला सर्वांत धोकादायक वाटतो. सौंदर्य ही एकच कसोटी मानली तर इतिहासात फक्त ज्यांना झुंबर परवडत होते ते उरतील. पुढच्या शतकातला वाचक संग्रहालये पाहून असा समज करून घेईल की महाराष्ट्रात सर्व लोक समईच्या शांत, सात्त्विक प्रकाशात बसत असत. विडी वळणारीच्या फुप्फुसातला धूर, रॉकेलसाठी रेशन दुकानापुढे लागणारी रांग, डबी उलटून भाजलेली मुले, यांतले काहीच त्याला दिसणार नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो: हे सारे अंधाराचे कौतुक आहे. मुळीच नाही. चिमणी गेली हे उत्तमच झाले. आज याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याचा पहिला संच २०१२ साली सुरू झाला. चिमणीपासून इथपर्यंतचे अंतर जेमतेम दोन पिढ्यांत कापले गेले आहे. एवढा मोठा पालट ज्या समाजाने पाहिला, त्याच्याजवळ त्या पालटाची एकही नीट नोंद नसावी, ही तक्रार आहे. मला चिमणी पेटवायची नाही, ती ओळखता यावी एवढेच हवे आहे.

आणि नोंद म्हणजे काय हे पुन्हा रशियाकडूनच शिकता येईल. या वेळी झुंबरांकडूनच. पीटर्सबर्गजवळचा पाव्हलोव्स्कचा महाल जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला आणि १९४४ साली जळून त्याचे सांगाडे उरले. आज तो पुन्हा उभा आहे. हे कशामुळे शक्य झाले? पॉलची पत्नी मारिया फ्योदोरोव्हना हिने १७९५ सालीच महालातल्या दालनांचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले होते. पुढच्या अभिरक्षकांनी याद्या, छायाचित्रे, मोजमापे सांभाळली होती. आणि शत्रू दाराशी आला असताना अनातोली कुचुमोव्ह, अन्ना झेलेनोव्हा यांच्यासारख्या माणसांनी जमेल तेवढे हलवले, पुरले, आणि कशाची जागा कुठे हे लक्षात ठेवले. जे जळले ते नोंदीवरून पुन्हा घडवता आले. याउलट नोंदीवाचून उरलेले झुंबर लिलावात लाखोंना विकले जाते आणि तरीही आपण कुठल्या दालनात जळत होतो हे सांगू शकत नाही. राजघराण्यालाही वस्तूपेक्षा वहीने तारले.

गोंदियाला ही वही फार स्वस्तात मिळू शकते. झाडीबोलीचे शब्द गोळा करण्याचे मोठे काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केले; शब्द जमवता येतात हे त्यांनी दाखवून दिले. रेल्वेने आपले जपले: २००२ पासून नागपूरच्या मोतीबागेत अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे. शब्दांना अभ्यासक मिळाला, इंजिनांना खाते मिळाले. घरातल्या आणि मंडईतल्या उजेडाला दोन्ही मिळाले नाही. त्यासाठी वातानुकूलित इमारत लागत नाही. शाळेच्या एका कपाटात गावातली एक चिमणी, एक कंदील, मिळाल्यास एक गॅसबत्ती ठेवावी. सोबत एक वही. तिच्यात वस्तू कोणाच्या घरची, कधी घेतली, कुठे घेतली, काय जळत असे, कोण पेटवीत असे, वीज कोणत्या वर्षी आली, त्या रात्री गावाने काय केले, हे वापरणाऱ्याच्याच शब्दांत उतरवावे. आठवी-नववीच्या मुलांना आजी-आजोबांपाशी बसवले तर एका दिवाळीच्या सुटीत हे काम उरकेल. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मराठीचे, इतिहासाचे विभाग आहेत. लघुप्रबंधांना विषय मिळत नाहीत अशी तक्रार असते. हा घ्या विषय.

आणि ज्यांना अँटिकची हौस आहे त्यांच्यापाशी एकच मागणे आहे. लामणदिवा खुशाल घ्या, पण घेताना विकणाऱ्याला गाव विचारा, घर विचारा, आणि ते एका कागदावर लिहून दिव्यासोबत ठेवा. विकणारा सांगत नसेल तर तो का सांगत नाही, याचा विचार करा. एवढे न करता दिवा भिंतीला टांगणाऱ्याने आपण वारसा जपतो असे म्हणू नये. त्याने आपल्या घरासाठी एक शोभेची वस्तू विकत घेतली आहे, आणि तसे म्हणण्यात काही कमीपणाही नाही.

घाई अशासाठी की पितळ थांबू शकते. ते शंभर वर्षे अडगळीत पडले तरी चिंच लावून घासले की पुन्हा उजळते. पत्रा गंजतो, मँटल बोट लागताच भुकटी होते, आणि मंडईच्या रात्री बत्तीला पंप मारणारा तो पोरगा आज म्हातारा आहे. त्याला विचारायला अजून कोणी गेलेले नाही.